तट्ट्याची गाठ

गोदे, दहाव्याला कावळा लगेच शिवला. भात ठेवून चार पावलं मागं आलो नाही तोवर येऊन घेऊन गेला, असं तुझ्या नवऱ्यानं घाटावरून आल्यावर सांगितलं. सगळे म्हणाले, बाई सुखानं गेली, मागं इच्छा काही राहिली नाही. तुझी राहिली नसेल. माझं राहिलंय. तुझ्याशी एक बोलायचं होतं, बदकांच्या तट्ट्याबद्दल, आणि ते मी बारा वर्षं बोलले नाही. काल तेरावा झाला. आता कुणाशी बोलू? मी तीन यत्ता शिकलेली बाई, तेवढ्यात मावेल असं लिहिते.

काल पानावर बसून सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. गोदा शांत, गोदा सोशिक. मी वाढत होते आणि मनात म्हणत होते, ही कुठली गोदा? तू हट्टी होतीस. बदकांच्या जखमांना लावायला देवघरातली हळद उचलायचीस, आणि मी ओरडले की म्हणायचीस, "जाऊबाई, देवीला कुठं जखम झालीय?" शिवाय तू पसारा घालायचीस. दोरी सोडलीस की जिथं सुटली तिथं टाकायचीस. मी मागून जाऊन ती कोपरावर गुंडाळून, शेवट आत खोचून, खुंटीला लावायची. सबंध घरात दोरी गुंडाळणारी मी एकटी. दोरीचं हे मुद्दाम सांगते आहे, पुढं कळेल का ते.

तू धारेहून लग्न होऊन आलीस तेव्हा रुखवतात एक झाकलेली टोपली होती. लाडू असतील म्हणून सासूबाईंनी झाकण काढलं, तर आत तीन बदकं. दोन माद्या, एक नर. तुझा बाप धारेच्या सरकारी बागेत कामाला, तळ्यावरची बदकं तो राखायचा. मुलीला त्यानं आपल्याकडचं चांगलं ते दिलं. सासूबाईंचा आवाज त्या दिवशी देवासच्या मीठा तलावापर्यंत गेला असेल. "सून आणली की पागा?" मामंजी पागेतच चाकरीला होते. ते घोगऱ्या आवाजात "हूं" म्हणाले. जन्मभर त्यांनी एवढंच म्हटलं. तू खाली मान घालून उभी होतीस आणि टोपलीवर एक हात घट्ट धरून होतीस. मी तेव्हाच ओळखलं, ही ऐकणारी नाही.

बदकांचं मला काही कळत नव्हतं, हे आज कबूल करते. तेव्हा केलं नाही. थोरली जाऊ होते ना. तू परसात त्यांचं जे काय करायचीस त्याला मी कौतुक म्हणायची. पण तू ते कामासारखं करत होतीस. सकाळी माद्या अंडी घालीपर्यंत खुराड्यातच. मग दाणा, मग हौद. पाच माद्यांना एक नर पुरे, हे तू मला शंभरदा सांगितलंस. पौष संपत आला की नरांच्या अंगात येतं. एकाच मादीमागे दोघंतिघं धावतात, मानेची पिसं उपटतात, पाण्यात धरून वर बसतात. एक बसला तर ती सोसते. दुसरा चढला की तिचं डोकं वर येत नाही. म्हणून संक्रांतीची सुगडं यायच्या आधी तू परसात बांबूचा तट्टा आडवा लावायचीस आणि खांबाला सुंभानं बांधायचीस. अलीकडे माद्या, हौद आणि पाळीचा एक नर. पलीकडे बाकीचे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाळी. आमचे हे हसायचे. "गोदाबाई, पागेतसुद्धा पहाऱ्याची पाळी एवढी कडक नाही." तू पदर तोंडाला लावून म्हणायचीस, "भावजी, पागेत घोडे बांधलेले असतात."

संवत छप्पनच्या दुष्काळात सगळं गेलं आणि तुझी बदकं तेवढी जगली, कशी ते तुलाच ठाऊक. त्यानंतर दोन वर्षांनी ती दहा झाली होती. पाच माद्या, पाच नर. त्यातले चार नर दसऱ्याला पागेच्या जमादारांकडे जेवणासाठी द्यायचे, हे तूच ठरवलं होतंस. आणि भाद्रपदात तुझी आई आजारी म्हणून धारेहून गाडी आली.

त्या दिवसावरून आपण किती भांडलो! ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी माझी बाजू सोडणार नाही. तू गाडीत चढत होतीस. मी विचारलं, नर कुठले ते कसं ओळखू? एरवी मी शेपटीवरून ओळखायची, नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस असतं. तू म्हणालीस, "आता शेपटीवर जाऊ नका जाऊबाई, पावसाळ्यात ती पिसं झडतात. आवाज ऐका." आणि गाडी हलली. कुणाचा आवाज कसा, ते सांगितलंस का? नाही. तुझ्या मनानं ते जगाला माहीत होतं. म्हणून म्हणते, अर्धी चूक तुझी.

उरलेली अर्धी माझी. मी ऐकला आवाज. चार जणी परस डोक्यावर घ्यायच्या. पॅक पॅक पॅक, कान किटून जायचे. बाकीची घसा बसल्यासारखी खसखस करायची. मी म्हटलं, ओरडतो तो नर. कोंबड्यांत तसंच, माणसांतही तसंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या चौघींचे पाय बांधून मी जमादारांकडे पाठवून दिल्या. ज्या घरात सासूबाईंचा आवाज तलावापर्यंत जातो आणि मामंजी नुसते हूं म्हणतात, त्या घरात पंचवीस वर्षं राहून मला एवढं कळलं नाही.

चूक कळली ती कालू भोयाकडून. तो तलावातले शिंगाडे घेऊन आला आणि परसाच्या दाराशीच थांबला.

"बड़ी बई, अतरी चुप्पी क्यों हे? मादियां कां गई?"

"काय चुप्पी? नर काढले. ओरडणारे सगळे दिले."

त्यानं पाटी खाली ठेवली. "अरे बई, यो कई कर्यो! चिल्लावे वा तो मादी हे. नर को तो गलो बेठ्योड़ो रे."

मी त्याला म्हटलं, तू शिंगाडे मोज.

दिवाळीच्या तोंडावर तू परत आलीस. तोंड धुवायच्या आधी परसात गेलीस आणि नेहमीसारखी हाक मारलीस, "या या या". उत्तराला एकच आवाज आला, ढवळीचा. आजारी असावी म्हणा किंवा नशीब म्हणा, दसऱ्याला ती गप्प होती म्हणून वाचली. तू तिथंच उभी राहिलीस. मला वाटलं आता रडशील, नाहीतर बोलशील. तू एवढंच म्हणालीस, "जाऊबाई, परस मुकं झालं." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मग तू कामाला लागलीस. पाचातले दोन नर कालूला दिलेस. उरले तीन नर आणि ढवळी एकटी. तिच्यावर सगळं अडलं होतं. बापानं दिलेल्या बदकांच्या वंशातली ती शेवटची मादी. पौषात तिनं अंडी घालायला सुरुवात केली. बदक नीट बसत नाही म्हणून तू तिची अंडी जमवून खुडुक कोंबडीखाली ठेवायची म्हणालीस. मी म्हटलं, सगळे नर देऊन टाक, कटकट नको. तू म्हणालीस, "नरच नसला तर अंडी रिकामी. आणि एकच ठेवला आणि तो मेला तर?" त्या वर्षी तट्टा तू नेहमीपेक्षा आधी लावलास. ढवळीजवळ एक नर, तोही दिवसातून थोडा वेळ. तिच्या मानेला तू रोज हळद आणि तेल लावायचीस. देवघरातली हळद. त्या वर्षी मी ओरडले नाही.

आणि जमादारीणबाई! तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे तूही मानायचीस. दसऱ्यापासून तिनं देवासभर केलं. "थोरल्याबाईंनी पाठवलेल्या नरांच्या पोटात अंड्यांची माळ निघाली हो! एवढी माळ!" तलावावर, देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर, जिथं भेटेल तिथं बायका मला विचारायच्या, "काय, तुमचे नर यंदा किती अंडी घालतात?" मी हसून घालवायची. आतून जळायची.

रथसप्तमीला आपल्याकडे हळदीकुंकू होतं. जमादारीणबाई येणार, मानकऱ्यांच्या घरच्या चौघी येणार. माजघर लहान, म्हणून बसायला परसातच जाजम घालायचं. आणि परसाच्या मधोमध तुझा तट्टा, अलीकडे ढवळी हळदीनं माखलेली आणि पाळीचा नर, पलीकडे दोन नर तट्ट्यावर छाती आपटताहेत. मी तुला म्हटलं, "आजचा दिवस हे काढ. मला आणखी शोभा नको."

"एक दिवससुद्धा नाही, जाऊबाई."

"दोन घटकांचं काम आहे. नरांना कोपऱ्यात टोपलीखाली घालू."

"टोपली उलथून येतात ते. तुम्ही बघितलंय. नाही म्हणजे नाही."

धाकट्या जावेनं थोरलीला नाही म्हणायचं! मला ते लागलं. तू वाण आणायला आतल्या खोलीत गेलीस, मग बोलावणं करायला शेजारी गेलीस. मी तट्टा सोडला. हेच ते, गोदे. तुझी गाठ मी सोडली. घट्ट होती, मला नखं लावावी लागली. तट्टा उचलून लाकडांच्या मागं ठेवला, दोन्ही नर टोपलीखाली घातले, वर पाट ठेवला आणि जाजम झटकून घातलं. बायका गेल्यावर तू बघायच्या आत परत लावीन म्हटलं.

बायका आल्या. जमादारीणबाईंनी बसता बसता विचारलं, "आज आवाज नाही कुणाचा? नर गप्प झाले वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. तू शेजारहून आलीस, जाजम बघितलंस, तट्ट्याची जागा बघितलीस. तशीच मागं, लाकडांच्या आडच्या हौदाकडे गेलीस.

पाट बाजूला पडला होता. तिन्ही नर हौदात होते. ढवळी खाली होती.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तू परत आलीस, कोपरापर्यंत ओली. पदराला हात पुसलेस, ताटातली कुयरी उचललीस आणि एकेकीला कुंकू लावलंस. जमादारीणबाईला लावलंस, अत्तर लावलंस, ओटीत तिळगूळ घातलास. शेवटची बाई उंबऱ्याबाहेर गेल्यावर तू माझ्याकडे वळलीस.

"जाऊबाई, ढवळी गेली. गाठ मी मारली होती ना?"

मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "मारली असशील. सैल राहिली असेल. नरांनी ढकलून पाडला तट्टा. मी उचलून मागं ठेवला."

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग माझ्या मागं बघितलंस, आणि म्हणालीस, "असेल."

मी सुटले असं मला वाटलं. तुला किती साधी समजले मी.

कोंबडीखाली ढवळीची अकरा अंडी होती. सात फुटली. ती पिल्लं वाढवताना तू मला प्रत्येक पिल्लू उचलून कानाशी धरायला लावलंस. "हा बघा खसखसतो, हा नर. ही बघा कशी कोकलते, ही मादी. आता सांगा, सासूबाई कोण?" आपण दोघी हसलो होतो. सासूबाई तेव्हा जिवंत होत्या, माजघरातून ओरडल्या, "काय खिदळता गं?" आणि तू पिल्लू वर धरून म्हणालीस, "ही बघा, मादी!" ढवळीनंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. माझ्यावर रागवायचं सोडून तू मला शिकवत बसलीस. आज परसात आहेत ती सगळी त्या सातांची पोरंबाळं.

पण तेव्हापासून तू तट्ट्याला तीन गाठी मारायला लागलीस. दर वर्षी. एकावर एक, वर ओढून बघायचीस. दिवेलागणीला हात धुतलेले असले तरी पुन्हा जाऊन चाचपायचीस. मी बघायची आणि मला वाटायचं, हिनं माझं खरं मानलं. आपलीच गाठ सैल राहिली म्हणून ही जन्मभर भिते आहे. दर माघात मनात यायचं की सांगून टाकावं. मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी काय? थोरलेपण आडवं यायचं. शरम नव्हे, थोरलेपणच. खरं तेच लिहिते.

यंदा पौषात तू अंथरूण धरलंस. तट्टा लावायचा राहिला. तापात तू तीनदा विचारलंस, "गाठ मारली का?" मी प्रत्येक वेळी म्हटलं, "मारली." तट्टा लाकडांच्या मागंच उभा होता, गोदे. तेव्हाही खोटंच बोलले. शेवटच्या वेळी तू डोळे उघडून म्हणालीस, "तुम्ही मारली म्हणजे आता सुटायची नाही," आणि भिंतीकडे वळलीस. ओठ हसल्यासारखे जरा हलले होते. मला वाटलं ग्लानी आहे.

आज सकाळी परसात ओरडा झाला म्हणून गेले. दोन नर एका करड्या मादीच्या मानेला लागले होते. पिसं उपटून आतलं कातडं लाल दिसत होतं. तुझी सून मागून आली. इंदूरची पोर ती, निम्मं हिंदी बोलते. "मोठ्या आई, अब इनको कौन संभालेगा? कालू भिया को दे दो ना सगळी. आई होत्या तोवर ठीक होतं." तिचं काही चूक नाही. मी म्हटलं, आधी तट्टा धर.

आम्ही दोघींनी तो लाकडांमागून काढला. सुंभ घ्यायला मी खुंटीपाशी गेले. गेल्या साली तट्टा उतरवल्यावर मीच गुंडाळून लावलेलं होतं, कोपरावर घेतलेलं, शेवट आत खोचलेला. हात लावला आणि मी तिथंच थांबले.

त्या रथसप्तमीलाही मी तेच केलं होतं. गाठ सोडली, आणि सवयीनं सुंभ कोपरावर गुंडाळून खुंटीला लावलं. खुंटी माझ्या पाठीमागेच होती. नरांनी ढकलून सुटलेलं सुंभ आपल्या पायांनी चालत जाऊन खुंटीवर बसत नाही. घरात दोरी गुंडाळणारी मी एकटी. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग माझ्या मागं बघितलंस, आणि म्हणालीस, असेल.

तुला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

म्हणजे त्या तीन गाठी तुझ्या भीतीच्या नव्हत्या. माझ्या नखांसाठी होत्या! बारा वर्षं तू माझ्या डोळ्यांदेखत माझ्यासाठी गाठी मारल्यास, आणि मी तुझी कीव करत बसले. शहाणी होतीस. एकदा तोंडावर बोलली असतीस तर मी भांडले असते, अर्धी चूक तुझी म्हटलं असतं, आणि आपण बोलेनाशा झालो असतो. ते तुला कळत होतं म्हणून गप्प राहिलीस, की मी आपण होऊन सांगेन म्हणून वाट बघत होतीस? दुसरं असेल तर फार वाट बघितलीस. चुकले मी. हेच सुनेसमोर, सुंभ हातात धरून, मोठ्यानं म्हटलं. पोर म्हणाली, "क्या हुआ मोठ्या आई?" मी म्हटलं, काही नाही, तू तट्टा सरळ धर.

मग देवघरात गेले आणि हळद घेऊन आले. करडीच्या मानेला लावली. ती माझ्या हातात एवढी कोकलली की सून कानावर हात ठेवून हसायला लागली. तिला मी विचारलं, "ही कोण, सांग?" म्हणाली, "इतना चिल्लाता है तो नर होगा." गोदे, मी तिला परसात बसवून घेतलं आणि एकेक बदक उचलून तिच्या कानाशी धरलं. बदकं कुठं जात नाहीत. तुझी सून हे शिकेपर्यंत तरी मी आहे.

पाळीचा नर अलीकडे घेतला, दोन पलीकडे घातले. सुंभ खांबाला तीन वेढे देऊन ओढलं.

गाठ एकच मारली. सोडणारी मीच होते, आता बांधणारीही मीच. एक पुरते.